मैद्याची बिलं माग

नौपाडा, ठाणे
रविवार, रात्री

चि. मंदार यास,
अनेक आशीर्वाद.

बुधवारी पहाटे तुमचं विमान. समोरासमोर बोलायला बसलो की माझा आवाज चढतो, म्हणून लिहितोय. मागच्या रविवारी चिऊ अर्ध्या पानावरून उठून गेली, ते अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. "बाबा, तुम्हाला एकदा चटका बसला म्हणून मी जन्मभर नोकरीच करायची का?" असं तू म्हणालास. तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, तुझं चुकलं नाही.

कॅनडातल्या ब्रँडनचा तो बेकरीवाला आपला चालता धंदा तुम्हाला का विकतोय, हे तुला पुन्हा विचारणार नाही, असं तुझ्या आईला कबूल केलंय. तिने आत्ताच येऊन कागद बघितला आणि काही न बोलता गेली.

तू दिलेले मॅनिटोबा प्रांताच्या योजनेचे कागद मी दोनदा वाचले. राजधानी विनिपेगच्या पट्ट्याबाहेर धंद्यात किमान 1,50,000 कॅनेडियन डॉलर घालायचे, म्हणजे आपले नव्वद लाखांच्या वर. कासारवडवलीचा फ्लॅट त्यातच जाणार, ते ठीक आहे, घरं पुन्हा होतात. पण आधी मिळणार वर्क परमिट. मग प्रांताशी केलेल्या करारात लिहिल्याप्रमाणे धंदा चालवून दाखवायचा, घराबाहेरच्या निदान एका माणसाला नोकरी द्यायची, त्यानंतर प्रांताची शिफारस, म्हणजे नॉमिनेशन, आणि मग कुठे पीआर, कायमचं राहायची परवानगी. माझा छापखाना अडचणीत आला तेव्हा मी संध्याकाळी कुलूप लावून नौपाड्यात घरी येत होतो. अण्णा होते, भाड्याची का होईना ही खोली होती. तुमचं तिथलं राहणंच त्या दुकानाला बांधलेलं असणार. दुकान डळमळलं तर चिऊची शाळासुद्धा डळमळेल. म्हणून मला त्या माणसाच्या मनात काय आहे ते कळायला हवंय. बघ, आलोच मी तिथे.

1986 चं तुला सगळं ठाऊक आहे असं तू म्हणतोस. तुला गहाण पडलेल्या पाटल्यांचं ठाऊक आहे. फसलो कसा, ते मी कधी कोणाला नीट सांगितलं नाही. जांभळी नाक्याजवळचा तो छापखाना मी गुडविलसकट 70,000 रुपयांना घेतला. मालक बोलायला गोड. गावी आई आजारी आहे, म्हणून विकतो म्हणाला. त्याने बिलबुकांचा गठ्ठा समोर ठेवला. महिन्याला चाळीस रीम कागदाचं काम, लग्नपत्रिका, हँडबिलं, दुकानदारांची पावतीपुस्तकं. मी दोन रात्री बसून सगळी बेरीज केली, एक पैसा चुकला नाही. ती बिलबुकं त्याच्याच ट्रेडल मशीनवर छापलेली होती, हवी तेवढी छापता येत होती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तिसऱ्या महिन्यात मुंबईचा कागदवाला 22,000 रुपयांची जुनी उधारी मागत दारात उभा राहिला. त्याची वही उघडून बघितली, तर कागद जात होता महिन्याला पंधरा रीम. त्या एका वहीत सगळं होतं आणि ती बघायला मी गेलो नव्हतो. पाटल्या सोडवायला चार वर्षं लागली.

म्हणून सांगतो, विक्रीचे आकडे नंतर बघ. आधी मैद्याची बिलं माग. साखर, यीस्ट, गॅस, वीज, सगळ्याची. एका पोत्यात किती पाव निघतात ते मुग्धाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. तिचा हिशेब आणि त्या माणसाचा गल्ला जुळतो का ते बघा. कॅनडा रेव्हेन्यू एजन्सीकडे भरलेली तीन वर्षांची रिटर्न्स माग. जागेचा करार किती वर्षांचा उरलाय आणि जागामालक तो तुझ्या नावावर करायला तयार आहे का, हे त्याच्या तोंडून ऐक, विकणाऱ्याच्या नको. आणि वकिलाला पहिल्याच भेटीत विचार, कंपनीचे शेअर घ्यायचे की नुसती भट्टी, सामान आणि नाव. शेअर घेतलेस तर कंपनीची जुनी देणीही कंपनीबरोबर येतात. माझा कागदवाला तुझ्या दारात यायला नको.

परवा बँकेतही जाऊन आलो. परदेशात 10 लाखांच्या वर पाठवलेल्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतात. तो रिटर्न भरताना वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. तेवढी रक्कम हाताशी वेगळी ठेव. कमी पडली तर माझ्या दोन एफडी आहेत. नाही म्हणू नकोस, आईशी बोलणं झालंय.

पुन्हा भाषणच झालं. चाळिशी ओलांडलेल्या मुलाला, ज्याच्या हाताखाली साठ माणसं आहेत, त्याला बिलं कशी बघायची ते शिकवतोय. माफ कर.

खरं म्हणजे मला दुसरंच लिहायचं होतं. तू पाच वर्षांचा असशील. शाळा सुटली की छापखान्यात येऊन खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांच्या, केसपाशी स्टुलावर उभा राहायचास. एकदा मी कागद कापत होतो आणि तू कोणाला न विचारता खिळे जुळवायच्या स्टिकमध्ये स्वतःचं नाव जुळवलंस. खिळ्यावर अक्षर उलटं असतं. मोठी माणसं महिनाभर चुकतात. तुझा छाप सुलटा आला, नुसता 'मं'वरचा अनुस्वार राहिला होता. बोटं शाईने काळी, आणि तू तो कागद माझ्यासमोर धरून उभा. मशीन बंद करून मी तो कागद वाळत घातला. अजून आहे तो, लोखंडी कपाटात, रेशनकार्डाच्या पिशवीत. त्या दिवशी उधारी, कागदवाला, काही आठवलं नाही. मुग्धाच्या पहिल्या ऑर्डरचा केक तू स्कूटरवरून उपवनला पोचवलास ना, तेव्हाही तुझा चेहरा तसाच होता. तुम्ही दोघं मिळून भट्टी लावणार, याचा मला आनंद आहे. रागाच्या भरात हे सांगायचं राहून गेलं.

विमानतळावर येणार नाही म्हणालो होतो. येतोय. रात्री दोनला रिक्षा सांगून ठेवली आहे, तुमच्या गाडीत बॅगा बसू देत.

चिऊला गोड पापा. मुग्धाला आशीर्वाद.

तुझा,
बाबा

ता. क. मेतकूट आणि गोडा मसाला आईने लहान पिशव्यांत भरलाय, विमानतळावर काय चालतं ते बघून घे. आणि बिलं मागशील तेव्हा जानेवारीची वेगळी काढून बघ. उणे तीसमध्ये पाव घ्यायला कोण घराबाहेर पडतं, ते तिथे दिसेल.