आमच्या आत्याच्या कॅडीकाकांचे जाहीर आभार

नमस्कार काका,

फोनवर आभार मानायला गेलो तर तुम्ही "आभार कसले मानतोस रे" म्हणून विषयच बदललात, आणि समोर बसून बोलावं तर यंदा मोहोर कसा आहे हेच विचारत बसता, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितोय, आता काय बदलता बघू.

बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. आमची आत्या पौषात गेली, 81 वर्षांची होती. गुहागरकडच्या पालशेतात सगळे तिला "काठीवाली आजी" म्हणायचे, कारण संध्याकाळी ती गोल्फची काठी घेऊन सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळावर जायची. घरात आम्हाला एवढंच माहीत की आत्या मुंबईला असताना गोल्फ "वगैरे" खेळायची. हे वगैरे फार वाईट, माणसाची चाळीस वर्षं त्यात मावतात. तिच्या मिस्टरांच्या कंपनीमुळे चेंबूरच्या कोर्सवर खेळायची सोय झाली, ते स्वतः कधी खेळले नाहीत, आणि ही वयाच्या 36 व्या वर्षी पहिल्यांदा काठी हातात धरून मरेपर्यंत धरूनच राहिली. काका तिथे तिचे कॅडी, म्हणजे तिची काठ्यांची बॅग उचलायचे. नंतर ते दाभोळकडे आपल्या गावी आले, आत्या इकडे पालशेतला आली, मधे फक्त खाडी.

तर काका, तेराव्याला तुम्ही दाभोळहून फेरीने धोपाव्याला उतरून रिक्षा करून आलात, जेवलात, आणि पडवीच्या कोपऱ्यात ती बॅग दिसल्यावर जे खाली बसलात ते दिवेलागणीपर्यंत उठला नाहीत. ती बॅग दुसऱ्या दिवशी भंगारात जाणार होती, कोणी मुद्दाम नाही पण घर आवरताना जातंच ना. खाऱ्या हवेनं काठ्यांची डोकी गंजलेली, ग्रिप, म्हणजे मुठीवरची आवरणं, हाताला चिकटत होत्या. तुम्ही रॉकेल मागितलंत, काथ्या मागितलात, आणि एकेक काठी घासत घासत बोलायला लागलात. हा सात नंबर, हा बाईंचा लाडका. हा तीन नंबर, हा नुसता शोभेला, कधी लागला नाही नीट. नियमाने बॅगेत 14 काठ्या चालतात, बाई 9 घेऊन फिरायच्या, का तर "तुझ्या खांद्यावर ओझं कशाला." आम्ही सगळे हळूहळू येऊन बसलो, चुलतबहीण तर हातातलं पातेलं घेऊनच बसली होती.

तो बॉलचा किस्सा इथे लिहायला तुम्ही हो म्हणालात म्हणून लिहितो. पावसाळ्यात झुडपात गेलेले बॉल तुम्ही सगळी पोरं नंतर शोधायचात आणि धुऊन खेळणाऱ्यांनाच स्वस्तात विकायचात. आत्या बॉलवर मार्करने दोन लाल ठिपके काढायची. तुम्ही एकदा तिचाच बॉल, ठिपके पुसून, तिलाच विकलात. तिने निरखून बघितला, पैसे दिले, आणि पुढच्या आठवड्यापासून चार ठिपके काढायला लागली. एक शब्द नाही बोलली. पण तुम्ही झुडपात शिरायला लागलात की मात्र ओरडायची, सापाचे दिवस आहेत, बॉलसाठी पाय घालू नको तिथे, माझा एक स्ट्रोक जाईल तर जाऊ दे. आणि तो स्ट्रोक, म्हणजे हरवलेल्या बॉलचा दंडाचा फटका, ती खरंच स्कोअरच्या कार्डावर लिहायची.

ती कार्डं तर आम्हाला कळलीच नसती. बॅगेच्या आतल्या खिशातून तो गठ्ठा काढून तुम्ही वाचायला शिकवलंत, हा पार, म्हणजे होलला ठरलेले फटके, हे तिचे शॉट, हा हँडिकॅप, म्हणजे खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट, वजा करून आलेला नेट. हँडिकॅप जितका कमी तितका खेळ चांगला, आणि ती 36 पासून सुरू करून सगळ्यात खाली 19 पर्यंत आली म्हणे, नोकरी सांभाळून, सासूचं आजारपण काढून, आठवड्यातली एक सकाळ हातात असताना. आम्हाला 19 म्हणजे काय ते कळेना तेव्हा तुम्ही जरा रागावूनच म्हणालात, "कॅडी म्हणून मी पुष्कळ साहेब बघितले 24 च्या खाली न आलेले." ते वाक्य आता आमच्या फॅमिली ग्रुपचं नाव आहे.

आणि तो कॅसरोल! आमच्याकडे गणपतीत ज्यात पोळ्या ठेवतात तो मोठा कॅसरोल म्हणजे नेट स्कोअरचं बक्षीस होतं, हे तुम्ही सांगेपर्यंत माझ्या आईलासुद्धा माहीत नव्हतं, ती आत्तापर्यंत समजत होती सेलमध्ये घेतला. हौशी खेळाडूला असलंच काहीतरी मिळायचं, कॅसरोल, थर्मास, काचेचा सेट. त्यावरून तुम्ही मार्गारेट अ‍ॅबटची गोष्ट सांगितलीत, जी तुम्हाला आत्याने सांगितलेली. पॅरिसला चित्रकला शिकायला गेलेली ही अमेरिकन मुलगी, 1900 साली तिथे बायकांची 9 होलची एक गोल्फ स्पर्धा होती ती खेळली, 47 स्ट्रोकमध्ये जिंकली, बक्षीस म्हणून चिनी मातीचं भांडं मिळालं, आणि ती स्पर्धा ऑलिम्पिकची होती हे तिला 1955 साली मरेपर्यंत कळलंच नाही. तिची आईपण त्याच स्पर्धेत खेळली होती. बाकीच्या काही बायका उंच टाचा आणि घट्ट स्कर्ट घालून आल्या म्हणून मी जिंकले, असं ती घरी सांगायची म्हणे. आत्या म्हणायची, माझ्या कॅसरोलचं पण काय सांगावं, नीट चौकशी करायला हवी.

दुसरी तिची लाडकी गोल्फर जॉइस वेदर्ड. 1920 साली इंग्लंडमध्ये शेरिंगहॅमला बायकांच्या स्पर्धेची फायनल, ही कोवळी पोर, समोर त्यावेळची चॅम्पियन सेसिल लीच, आणि 17 व्या होलला ही पट, म्हणजे बॉल हळूच होलमध्ये घालायचा फटका, मारत असताना शेजारून ट्रेन धडधडत गेली. नंतर लोकांनी विचारलं, गाडीचा त्रास नाही झाला? तर ती म्हणाली, कसली गाडी? चेंबूरला डोक्यावरून विमान गेलं की तुम्ही मुद्दाम "बाई, विमान" म्हणायचात आणि आत्या मान खालीच ठेवून "कसलं विमान?" मला हे इतकं आवडलंय की ऑफिसात बॉस बोलायला लागला की मी मनात तेच म्हणतो.

पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गावी आल्यावर सुद्धा हे चालू होतं हे आम्हाला पत्ता नाही! मी चिपळूणला, म्हणजे काही लांब नाही, तरी कळलं नाही. पाऊस सरला, सड्यावरचं गवत जनावरांनी खाऊन बारीक झालं की तुम्ही फेरी पकडून यायचात आणि दोघं मिळून कातळावर होल ठरवायचात, या आंजणीच्या झुडपापासून त्या गडग्यापर्यंत पार 4, चिऱ्याच्या खाणीत गेला तर एक स्ट्रोक दंड. जांभ्यावर आपटलेला बॉल कुठे उडेल ते देवालाही कळायचं नाही, म्हणून तुम्हीच नियम काढलात की कातळावरून उडाला तर परत मारायचा. आणि दिवाळीनंतर सारवलेलं अंगणातलं खळं हे आत्याचं ग्रीन, म्हणजे होलभोवतीची सपाट जागा. त्यात तिने सव्वाचार इंचाचा, बरोबर नियमाच्या मापाचा डबा पुरला होता. त्या डब्यात पाय अडकून आम्ही पोरं किती वेळा पडलोय, आणि ती दरवेळी म्हणायची तुळस हलवायची आहे तिथे. तुळस काही हलली नाही.

2021 च्या ऑगस्टमधली ती पहाट तुम्ही सांगितलीत तेव्हा माझे बाबा उठून मागच्या पडवीत गेले, ते तुम्ही बघितलंत. टोकियो ऑलिम्पिकमध्ये आपली गोल्फर अदिती अशोक शेवटचा राउंड खेळत होती, पालशेतात पावसाने लाइट गेलेली, आणि दाभोळात तुमच्याकडे होती. तर तुम्ही टीव्हीसमोर फोन कानाला लावून आत्याला सगळा खेळ सांगत होतात, कुठला क्लब घेतला असेल ते आत्या इकडून अंधारात ओळखत होती. तिकडेही वादळाने खेळ थांबला तेव्हा म्हणाली, चहा टाकते, तू पण टाक. एका स्ट्रोकने ब्राँझ हुकलं, चौथी आली पोरगी. त्यावर आत्या काही वेळ गप्प राहून म्हणाली, "चौथी म्हणजे काय रे, जगात चौथी," आणि फोन ठेवलाच नाही, तुमची बॅटरी संपली तेव्हा कट झाला.

काका, आमच्याकडे आत्याचे फोटो आहेत, दागिने आहेत, मेतकुटाची रीत आहे. पण तिला मजा कशात यायची हे कोणालाच माहीत नव्हतं, ते सगळं तुमच्याकडे होतं, आणि तुम्ही काठ्या घासता घासता ते आम्हाला देऊन गेलात. त्याबद्दल मनापासून आभार. जायच्या यायच्या भाड्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, उलट जाताना आईच्या हातात सोड्यांची, म्हणजे सुक्या कोळंबीची पुडी ठेवलीत, यावर आई अजून बोलतेय.

बॅग आता भंगारात जाणार नाही. ग्रिप मुंबईहून मागवल्यात, त्या बसवायला तुम्हालाच यावं लागेल, मला जमणार नाही, आणि चुलतबहिणीच्या मुलीला सात नंबर धरून बघायचाय, ती डावखुरी आहे, तर चालेल का तेही सांगा. आंबा सुरू झाला की या, येताना शेवटची फेरी किती वाजता आहे ते बघून ठेवू नका, राहायलाच या.

आणि एक. कार्डांच्या मागे आत्याने जागोजाग पेन्सिलीने नुसतं "ठो." लिहिलंय, कधी एकदा, कधी तीनदा. हे काय आहे? ठोकला? ठोंब्या? घरात यावरून दोन पार्ट्या पडल्यात, लवकर कळवा.

तुमचा,
आत्याचा चिपळूणचा भाचा