पन्नास हजारांचा चेक आणि बाकीची भरपाई

मा. संपादक,
स. न.

सोमवारच्या अंकात पान 5 वर 'मालकाने जपली माणुसकी' ही बातमी वाचली. घाटात अपघातात गेलेल्या ट्रकचालकाच्या पत्नीला 50 हजारांचा चेक देतानाचा फोटोही छापला आहे. मालकाने पैसे दिले, चांगले केले, त्याबद्दल तक्रार नाही. पण चालक कामावर असताना गेला, तर त्याच्या घरच्यांना कायद्याने किती मिळायला हवे, याबद्दल बातमीत अवाक्षर नाही. वाचणाऱ्याला वाटणार, मिळाले ते खूप मिळाले, विषय संपला.

माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी हेच झाले, म्हणून राहवत नाही. जुलै 2022 मध्ये मेव्हणे लासलगावहून वाशीला कांदा घेऊन निघाले आणि कसारा घाटात गाडी दरीत जाऊन वारले. वय 35. मालकाच्या चार गाड्या, माणसे पाच-सहा, त्यामुळे ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा वगैरे काही नाही. मालक अंत्यविधीला आला, त्याने खांदा दिला. दहाव्याला पाकीट घेऊन आला. बहिणीने मोजले तर 43 हजार. विचारल्यावर म्हणाला, "50 च आहेत वहिनी, 7 हजार त्यांची उचल होती, ती वळती केली." मेलेल्या माणसाची उचल दहाव्याच्या दिवशी वळती केली! बरोबर 100 रुपयांचा स्टॅम्पपेपर होता. त्यावर लिहिले होते, की मयत आमच्याकडे ड्रायव्हर म्हणून दरमहा 12 हजारांवर कामास होते, सर्व हिशेब मिळाला, यापुढे काही तक्रार नाही. बहिणीने सही केली. मीही साक्षीदार म्हणून केली. तेव्हा मला काही माहीत नव्हते.

नंतर वकिलांनी सांगितले, की असा कागद कायद्यात टिकतच नाही. मृत्यूची भरपाई परस्पर घरी द्यायचीच नसते, ती कामगार भरपाईचे दावे पाहणाऱ्या आयुक्तांकडे जमा करायची असते. हातात देता येते ती फार तर तीन महिन्यांच्या पगाराएवढी आगाऊ रक्कम. मालकाला पूर्ण रक्कम मान्य नसेल, तर जेवढी मान्य आहे तेवढी त्याने लगेच तात्पुरती म्हणून भरायची, वाद उरलेल्या रकमेचा चालू द्यायचा. महिन्यात भरली नाही तर 12 टक्के व्याज, वर दंड. 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्यातली ही तरतूद आताच्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ठेवली आहे. बाई तेराव्यानंतर काय खाणार, याचा विचार कायदा करणाऱ्याने केला होता.

हिशेब सांगतो. पगाराचा निम्मा, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. 35 वर्षांना तो 197.06 आहे. पगार 15 हजारांपर्यंतच धरतात. मेव्हण्यांना 16 हजार मिळत होते, म्हणजे 15 हजार धरून 14 लाख 77 हजार 950 झाले. मालक म्हणतो तसा पगार 12 हजार धरला, तरी 11 लाख 82 हजार 360 होतात. 12 हजार तर त्याने स्वतःच स्टॅम्पपेपरवर लिहून दिले होते. एवढे पैसे पहिल्या महिन्यात जमा व्हायला काय अडचण होती?

अडचण अशी, की बहिणीने भरपाईचा अर्ज केल्यावर आयुक्तांच्या कोर्टात मालकाचा लेखी जबाब आला, "अर्जातील सर्व मजकूर खोटा व नाकबूल." ज्याला खांदा दिला तो माणूस आमच्याकडे नोकरीलाच नव्हता, असे त्यात होते. मालकाने काहीच मान्य केले नाही, की तात्पुरते भरायचेही काही उरत नाही. एवढी चांगली तरतूद या एका शब्दाने मोडीत निघते. माझे म्हणणे एवढेच आहे, की कामावर असल्याचा मालकाच्याच सहीचा कागद समोर असेल, तर पहिल्याच तारखेला निदान तेवढी रक्कम भरून घ्यावी, मगच पुढची तारीख द्यावी.

निकालाला सव्वादोन वर्षे लागली. व्याजासकट सगळे पैसे मिळाले, नाही म्हणत नाही. पण त्याआधीच मोटारसायकल फायनान्सवाले ओढून घेऊन गेले. बहीण द्राक्षबागेत मजुरीला जाऊ लागली. भाची बारावीला होती, तिला नर्सिंगला जायचे होते. फीच्या वेळी घरात 9 हजार होते. ती आज कांद्याच्या खळ्यावर निवडणीला बसते. पैसे आले तेव्हा मी तिला म्हटले, आता घे प्रवेश. ती म्हणाली, "मामा, आता कुठे."

आणखी एक गोष्ट, आपल्याच दैनिकाबद्दल. त्या वेळी आपण छापले होते, 'चालकाचा डोळा लागल्याने ट्रक दरीत'. डोळा लागला हे आपल्या वार्ताहराला कोणी सांगितले? गाडीत दुसरे कोणी नव्हते. ट्रकच्या विमा कंपनीच्या वकिलाने ते कात्रण कोर्टात दाखल केले. मृत्यूच्या बाबतीत कामगाराची चूक हे कारण चालत नाही, म्हणून आम्ही वाचलो. पण माझ्या बहिणीला भरल्या कोर्टात ते वाचलेले ऐकावे लागले. त्याच बातमीत गाडी कोणाची, मालक कोण, हे मात्र नव्हते. आयुक्तांना कुठूनही माहिती मिळाली, तरी ते मालकाला नोटीस काढून 30 दिवसांत खुलासा मागू शकतात. मालकाचे नाव छापले असते, तर आपली बातमीसुद्धा त्या कामी आली असती.

सोमवारच्या फोटोतल्या बाईंनीही कुठे सही केली असेल, तर त्यांना कळायला हवे, की त्या सहीने हक्क जात नाही. मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत त्यांनी अर्ज करावा. आपल्या वार्ताहराला त्यांचे घर माहीत आहे. त्याने पुन्हा एकदा जाऊन एवढे त्यांना सांगावे.

आपला,
एक वाचक, ता. निफाड
(कृपया नाव छापू नये.)