माशाने काय खाल्ले?

महोदय,

लहान मासे दळून मोठ्यांना घालायचे, हा मत्स्यशेतीतला उफराटा व्यवहार कमी होतो आहे, हे चांगलेच. पण खाद्याच्या गोळीत फिशमीलऐवजी, म्हणजे माशांच्या भुकटीऐवजी, सोयापेंड आणि माशाच्या तेलाऐवजी वनस्पतितेल आले, की माशातले ईपीए आणि डीएचए हे ओमेगा-३ घटक, म्हणजे आरोग्याला हितकर स्निग्धाम्ले, घटतात. जवस घालून भागत नाही. त्यातले ओमेगा-३ वेगळे, आणि बहुतेक समुद्री माशांना त्याचे रूपांतर फारसे जमत नाही. मुळात हे घटक बनवते सूक्ष्म शेवाळ, मासा केवळ मधला हमाल! मग शेवाळाचे तेलच खाद्यात का नको? महाग आहे, मान्य. निदान मासे काढण्याआधीचे काही आठवडे तरी द्यावे. आणि माशाने काय खाल्ले, तेही पाकिटावर छापावे.

– एक मासेखाऊ वाचक