डायलिसिस चालू असताना शटर खाली

आईचे डायलिसिस चालू असतानाच दादरमधल्या एका केंद्राचे शटर रखवालदाराने खाली ओढले. इमारतीत बेवारस बॅग सापडली म्हणे. २००८ मध्ये कामा रुग्णालयात अतिरेकी शिरले होते. त्यामुळे खबरदारीबद्दल तक्रार नाही. पण डायलिसिस साधारण चार तास चालते. मधेच बाहेर काढायचे तर नळ्यांना चिमटे लावून रुग्णाला यंत्रापासून सोडवतात. तंत्रज्ञाला ते येत होते, पण कर की थांब, हे सांगणारे कुणी नव्हते. रखवालदाराला तर आत यंत्राला जोडलेली माणसे आहेत याचाच पत्ता नव्हता! बॅग औषधविक्रेत्याची निघाली. नोंदणीचे नूतनीकरण करताना महापालिकेने अशा केंद्रांकडून रुग्णांना बाहेर काढण्याचा आराखडा मागावा आणि तो रखवालदारालाही समजावला आहे का, ते तपासावे.

– एक वाचक, माहीम, मुंबई