साहेब, साकवाच्या खुंट्यांना म्हैस बांधली आहे

प्रति,
मा. मंत्रिमहोदय, महाराष्ट्र राज्य

विषय: पन्हाळा ते पावनखिंड मार्गावरील ओढ्याचा साकव (छोटा पूल), आणि मला आलेली नोटीस.
संदर्भ: आपले गेल्या पावसाळ्यातले भाषण.

महोदय,

सविनय नमस्कार. वर खात्याचे नाव लिहिलेले नाही, ते मुद्दाम. पत्र मंत्रालयात पोचेपर्यंत खाते कोणाकडे असेल ते मला ठाऊक नाही, आणि आमच्या ओढ्याचे काम नेमके कोणत्या खात्यात बसते हे तर अजून कोणालाच ठाऊक नाही. मी चार कार्यालयांत जाऊन आलो. पहिल्याने दुसऱ्याकडे बोट दाखवले, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि चौथ्याने पहिल्याकडे.

मी पन्हाळा आणि पावनखिंड यांच्या मधल्या एका वाडीत राहतो. थोडी भातशेती आहे, दोन म्हशी आहेत, आणि गेली ११ वर्षे मी पुण्या-मुंबईची माणसे या वाटेने चालत नेतो. पहिल्या दिवशी सकाळी पन्हाळ्यावरून निघायचे, तुरुकवाडी, म्हाळुंगे, मग मसाई पठार. पुढे कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी करत मुक्कामाला यायचे. दुसऱ्या दिवशी रिंगेवाडी, माळेवाडी, पाटेवाडी, म्हसवडे, पांढरेपाणी आणि खिंड. अंतर कोणी ४५ किलोमीटर सांगतं, कोणी ६०. माझ्या पायांना ५० च्या आसपास वाटतं, पण चिखलात किलोमीटर मोजायचा नसतो.

हे लोक पाठीवर फक्त पाण्याची बाटली, रेनकोट आणि डबा घेऊन चालतात. मोठी सॅक, कोरडे कपडे, स्लीपिंग बॅग, औषधं, टेंट, भांडी, गॅस, सगळं पिकअपमधून डांबरी रस्त्याने वळसा घालून मुक्कामाला पोचतं. पंढरीच्या वारीत दिंडीचा ट्रक पुढं जातो, राहुट्या ठोकल्या जातात, चुली पेटतात आणि वारकरी संध्याकाळी टाळ वाजवत येऊन टेकतो, तसंच हे. दिंडीच्या गाड्यांना टोल माफ होतो, चांगली गोष्ट आहे, आमची तक्रार नाही. आम्ही फक्त एवढंच म्हणतो, की चालणाऱ्याची वाट वेगळी आणि त्याच्या बोचक्याची वाट वेगळी असते, हे सरकारला आषाढी एकादशीपर्यंत कळतं आणि द्वादशीला विसरतं.

ही बोचक्याची वाट आमच्या वाडीच्या अलीकडे एक ओढा ओलांडते. तिथं सिमेंटचे चार नळे टाकून केलेली मोरी आहे. दोन नळे गाळानं बुजलेत. ओढा भरला की पाणी मोरीवरून जातं. उन्हाळ्यात इथं पोरं क्रिकेट खेळतात.

गेल्या पावसाळ्यात, बाजीप्रभूंच्या स्मृतिदिनाला आपण खिंडीत आलात. खिंडीजवळ गाडी येते, त्यामुळे आपल्या बुटाला चिखल लागला नाही, हे मी नोंदवून ठेवतो. आपण म्हणालात, "पुढच्या पावसाळ्यात या मार्गावरचा ट्रेकर साकवावरून जाईल, हा माझा शब्द आहे." टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. आठवड्याभरात दोन माणसं दुर्बीण घेऊन आली, ओढ्याच्या दोन्ही काठांना लाल रंगाच्या खुंट्या मारून गेली. त्यांना आमच्या आईनं चहा दिला. त्यानंतर त्या ओढ्याकडं सरकारी माणूस फिरकला तो थेट यंदा जुलैत, नोटीस घेऊन. मधल्या काळात आमच्या शेजाऱ्यानं त्या खुंट्यांना म्हैस बांधायला सुरुवात केली. खुंट्या भक्कम आहेत, हे मान्य करायला हवं.

आता यंदाची हकिकत. माझी बॅच २६ जणांची, दोन लीडर धरून २८. पहाटेपासून पाऊस, पण जुलैत मसाई पठारावर पाऊस नसेल तर लोक पैसे परत मागतात. धुकं असं, की मी पुढच्याला हाक मारायचो आणि हाक माझ्याच तोंडावर परत यायची. दुपारी अडीचला पठार उतरलो तेव्हा फोनला जरा रेंज आली आणि ड्रायव्हरचा निरोप मिळाला, "मोरीवर घोट्याएवढं पाणी हाय, काढतो गाडी." मी नको म्हणायला फोन लावला. लागला नाही.

घोट्याएवढं पाणी गाडी मधोमध येईपर्यंत गुडघ्याला आलं. पुढचं डावं चाक मोरीच्या कडेवरून खाली गेलं आणि पिकअप कुशीवर झाली. हौद्यावरची ताडपत्री फुगली, दोरखंड तुटला. ड्रायव्हर काचेतून बाहेर येऊन टपावर बसला. पाऊण तासानं वाडीतल्या पोरांनी त्याला दोरानं ओढून काढला. त्याचा उजवा खांदा अजून वर जात नाही. तो माझा चुलतभाऊ आहे, आणि त्याला दोन मुली आहेत. नऊ सॅक गेल्या. उरलेल्या सतरा ओल्या, दोन टेंट फाटले. शेगडी सापडली, सिलिंडर दुसऱ्या दिवशी खालच्या वाडीत बांधाला अडकलेला मिळाला.

संध्याकाळी सात वाजता २८ माणसं आमच्या अंगणात उभी. ओली म्हणजे कशी, तर एकानं बूट काढून उलटा केला तर पेलाभर पाणी पडलं, आणि तो हसला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की बदलायला मोजे नाहीत. त्यांना अजून सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

एक निवृत्त शिक्षिका होत्या, वय ६१. त्यांचं इन्सुलिन सॅकमध्ये. त्या शांतपणे म्हणाल्या, "माझी निळी आहे, लाल पट्ट्याची." निळी सॅक गेलेल्या नवांत होती. मी मोटरसायकलवर पोराला मलकापूरला पिटाळला. औषधाचं दुकान बंद झालेलं. दुकानदारानं घरून येऊन शटर उघडलं आणि पोराच्या हातात बर्फाच्या पिशवीत गुंडाळून शीशी दिली, वर पैसे उद्या दे म्हणाला. रात्री साडेअकराला पोरगं परत आलं, थरथरत, पिशवी शर्टाच्या आत पोटाशी धरलेली. मी त्याला विचारलं, पोटाशी का धरलीस, बर्फ वितळेल की. तो म्हणाला, पडली असती की मग.

आईनं पेटी उघडली. तिची लुगडी बाहेर आली, माझ्या बायकोच्या साड्या आल्या, शेजारच्या तीन घरांतून घोंगडी आली. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीत काम करणाऱ्या तीन मुली त्या रात्री आमच्या चुलीपुढं आईचं नऊवारी कसंबसं गुंडाळून बसल्या होत्या आणि नाचणीची भाकरी पिठल्यात बुडवून खात होत्या. पुरुषांना माझी आणि चुलत्याची धोतरं. चुलीवर दोरी बांधून मोजे वाळत घातले, सकाळी सगळ्या मोज्यांना धुराचा वास. आई मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "पाव्हणं उपाशी न्हाईत ना निजलं? मग झालं." झालं नव्हतं.

हिशोब सांगतो. माणशी २,२०० रुपये घेतले होते, ते सगळ्यांना परत केले, ५७,२०० झाले. पिकअपच्या दुरुस्तीला मेकॅनिक ३८ हजार म्हणतो. गेलेल्या सॅकांची किंमत मी कोणाला विचारली नाही आणि त्यांनीही सांगितली नाही, पण एकेक स्लीपिंग बॅग माझ्या महिन्याच्या दूध बिलापेक्षा महाग असते हे मला ठाऊक आहे. मी तलाठ्याकडं गेलो. पंचनाम्याच्या नमुन्यात घर आहे, गोठा आहे, जनावर आहे, पीक आहे. सॅकचा रकाना नाही. त्यांची चूक नाही, माणूस भला आहे, त्यांनी मला चहा पाजला.

आणि नवव्या दिवशी नोटीस. पर्यटकांचा जीव धोक्यात घातल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, सात दिवसांत खुलासा करावा. पर्यटनबंदीच्या आदेशाचा हवाला दिलाय. तो आदेश मी पाहिला. त्यावर तारीख आदल्या दिवसाची आहे आणि आमच्या व्हॉट्सॲपवर तो आला दुपारी सव्वातीनला, म्हणजे माझी माणसं पठार उतरल्यावर आणि माझी गाडी ओढ्यात पडल्यावर. आदेश वेळेत आला असता तर मी पन्हाळ्यावरूनच मागं फिरलो असतो. जुलैत माझं अर्ध्या वर्षाचं उत्पन्न असतं, तरी फिरलो असतो.

म्हणून हे पत्र. खुलासा मागितलाय ना, घ्या.

नियम मी वाचलेत. २०१८ चा साहसी उपक्रमांबद्दलचा शासन निर्णय वाचला, २०२१ चं साहसी पर्यटन धोरण वाचलं. प्रशिक्षित लीडर पाहिजे, प्रथमोपचार पाहिजे, विमा पाहिजे, नोंदणी पाहिजे. बरोबर आहे सगळं. या वाटेवर मोठ्या मोहिमा शेकड्यांनी माणसं आणतात, त्यांना हे लागू व्हायलाच हवं. पण त्या कागदात लीडरच्या दोराची चौकशी आहे, सरकारच्या मोरीची नाही. मी माझ्या माणसांना दोर लावून ओढा पार करतो. पिकअपला दोर लावून पार करायचं प्रशिक्षण कुठल्या संस्थेत मिळतं, तेवढं कळवावं, मी फी भरतो.

एका गिऱ्हाईकानं मला पेरू देशातल्या इंका ट्रेलची माहिती दिली. तिथं दिवसाला ५०० माणसांना परवाना, त्यात हमालसुद्धा धरलेले. फेब्रुवारी हा त्यांचा पावसाचा महिना, तेव्हा वाट बंद ठेवतात आणि दुरुस्त करतात. आमच्याकडं पावसात बंद ठेवतात, तेवढंच. दुरुस्तीचा महिना आमच्या पंचांगात नाही. अधिक महिना येतो तीन वर्षांतून, त्यात तरी बघा.

आणि या वाटेचा अभिमान सगळ्यांनाच आहे. २०२५ साली पन्हाळा जागतिक वारशाच्या यादीत गेला, बारा किल्ल्यांतला एक. आम्ही वाडीत पेढे वाटले. कोणी सांगितलं की आता जगभरातून लोक येणार. येऊ देत की. ते गडावर येतील, फोटो काढतील, आणि खिंडीकडं चालत जायचं म्हणतील तेव्हा त्यांच्या सॅक कोण नेणार? १३ जुलै १६६० ला खिंड कोणी लढवली हे शाळेतलं पोरगं सांगतं. शिवा काशीद कोण हेही सांगतं. पण त्या रात्री या चिखलातून महाराजांची पालखी खांद्यावर घेऊन पळणारे भोई कोण होते, विचारा कोणाला. आम्ही त्यांच्याच धंद्यातले आहोत. ओझं नेणाऱ्याचं नाव कुठं नसतं, असू नये असंही काही नाही. भाषणात एकदा घेतलं असतं तर आईला बरं वाटलं असतं, ती पहिल्या रांगेत बसली होती.

विषयांतर झालं. मागण्या तीनच. एक, साकव. निधी कोणत्या हेडखाली टाकायचा तो टाका, ऐतिहासिक म्हणा, आदिवासी म्हणा, आमदार निधी म्हणा, ओढ्याला फरक पडत नाही. दोन, बंदीचा आदेश आदल्या संध्याकाळी सहाच्या आत वाडीतल्या गाईडपर्यंत पोचवा. फोन नंबर प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आहेत, आणि हा आदेश काढायला जेवढा कागद लागतो त्यापेक्षा एक मेसेज स्वस्त आहे. तिसरी मागणी मी लिहायला बसलो तेव्हा पक्की होती, आता आठवत नाही. बहुतेक नोटीस मागं घ्या अशी होती. नका घेऊ. ठेवा. तुमच्याकडं आमच्या वाडीचा तेवढा एकच कागद असेल.

पाऊस जरा उघडला आहे. पुढची बॅच १५ ऑगस्टची आहे, १४ जण. गाडी ओढ्याच्या अलीकडं थांबेल आणि वाडीतली माणसं सॅक डोक्यावरून पलीकडं आणतील, सॅकमागं ५० रुपये मी त्यांना देणार आहे. चुलतभाऊ काठावर उभा राहून मोजणी करेल, त्याचा खांदा अजून बरा नाही. शेजाऱ्याला सांगून त्या दिवसापुरती म्हैस सोडवून ठेवली आहे, कारण दोर बांधायला आम्हाला त्या लाल खुंट्या लागणार आहेत.

निळी सॅक, लाल पट्ट्याची, अजून मिळालेली नाही. बाईंनी मागच्या रविवारी फोन केला होता, सॅकसाठी नाही. लुगडं धुऊन इस्त्री करून कुरिअरनं पाठवते म्हणाल्या, पत्ता द्या. आई म्हणाली, ठेव म्हणावं.

आपला,
नोटीसीवर नाव आहेच.