काटा वजन दाखवतो, पावती निघत नाही : सॉफ्टवेअरबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : कॅमेऱ्याचा भाग बसवल्यापासून वजनकाट्याचे सॉफ्टवेअर वारंवार बंद पडत असल्याबाबत.

महोदय,

घाटंजी तालुक्यात रस्त्याला लागून माझा वजनकाटा आहे. तुमचं सॉफ्टवेअर मी तीन वर्षांपासून वापरतो आणि दिवाळीपर्यंत माझी एकही तक्रार नव्हती. दिवाळीच्या आठवड्यात तुमच्या माणसाने नंबरप्लेटचा फोटो काढणारा कॅमेरा जोडून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोग्राम उघडलाच नाही.

हंगाम सोयाबीनचा. काट्यावर ट्रॅक्टर उभा, मागे सहा गाड्या. काट्याच्या डब्यावर वजनाचे लाल आकडे ठळक दिसत होते आणि संगणकावर नुसती काळी खिडकी. ट्रॅक्टरवाले कास्तकार म्हणाले, "वजन त दिसून रायलं, मंग पावती काऊन नाई देत भाऊ?" त्यांना काय सांगणार? त्या दिवशी २३ गाड्यांची भरलेली आणि रिकामी वजनं मी कार्बन लावून वहीत लिहिली. त्यातल्या चौघांना व्यापाऱ्याने परत पाठवलं, हाताची चिठ्ठी चालत नाही म्हणून. २०२५-२६ च्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. घाईत वीस किलोंचा आकडा चुकला तरी माणसाचे हजार रुपये जातात.

बिघाड मी स्वतः शोधला, कारण तुमच्या फोनवर तीन वेळा एकच उत्तर मिळालं : विंडोज परत टाका. विंडोजचा यात काही संबंध नाही. काळ्या खिडकीतली शेवटची ओळ सांगत होती की नमपायच्या (पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं आकडेमोडीचं पॅकेज, म्हणजे तयार कोडचा संच) डीटाइपचा (आकड्यांचा प्रकार सांगणाऱ्या आतल्या रचनेचा) आकार बदलला आहे, अपेक्षित ९६, मिळाला ८८. तुमचा मासिक अहवालाचा भाग पांडाज १.५.३ (तक्त्यांचं काम करणारं पॅकेज) वर चालतो. ती आवृत्ती जानेवारी २०२३ ची, नमपाय १ वर कंपाइल केलेली, म्हणजे त्याच्याच मापाने बांधलेली. कॅमेऱ्यासाठी तुम्ही ओपनसीव्ही ४.१२ (फोटो हाताळणारं पॅकेज) टाकलं, आणि ते नमपाय २ मागतं. म्हणून पिपने, म्हणजे पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रामने, नमपाय २.२.६ आणून बसवलं. जून २०२४ मध्ये नमपाय २.० आलं तेव्हाच जुन्यावर कंपाइल केलेली पॅकेजं त्यावर चालणार नाहीत हे जाहीर झालं होतं.

यात फसवी गोष्ट अशी की पिप चकार शब्द काढत नाही. पांडाज १.५.३ ने नमपायची किमान आवृत्ती सांगितली आहे, वरची मर्यादा घातलेलीच नाही. त्यामुळे 'पिप चेक' केलं तर सगळं ठीक असल्याचं उत्तर येतं आणि प्रोग्राम मात्र उघडताच कोसळतो. तुमच्या माणसाने कॅमेऱ्याचा फोटो आलेला बघितला आणि तो निघाला. अहवाल त्याने एकदाही उघडला नाही.

मी नमपाय १.२६.४ वर आणलं, काम सुरू झालं. दुपारी लाइन गेली, संगणक परत चालू केला आणि पुन्हा तेच. कारण तुमचा प्रोग्राम दर वेळी सुरू होताना नेटवर जाऊन पॅकेजं तपासतो आणि ओपनसीव्हीला हवं म्हणून नमपाय २ ओढून आणतो. आमच्याकडे दिवसातून तीन-चारदा लाइन जाते. दर वेळी मोबाइलच्या नेटवर ते डाउनलोड, मग माझी दुरुस्ती, तोवर बैलबंड्या उन्हात उभ्या. मला सगळ्यात जास्त राग याचा आहे. चालत्या काट्याचा पाया रोज सकाळी कोणी उकरून बघतं का?

सध्या मी ते तपासणं बंद केलं आहे आणि ओपनसीव्ही ४.११ वर उतरवलं आहे, ते नमपाय १.२६.४ सोबतही चालतं. पण ही माझी तात्पुरती सोय झाली. हे काम तुमचं आहे.

अहवालाचा भाग पांडाज २.२.२ किंवा त्यापुढच्या आवृत्तीवर न्या, तिथपासून नमपाय २ चालतं. मात्र नुसता आकडा बदलून भागणार नाही. तुमच्या अहवालात डेटाफ्रेमला (पांडाजमधल्या तक्त्याला) ओळी जोडायला 'अपेंड' वापरलं आहे आणि पांडाज २.० मधून ते काढून टाकलेलं आहे. नवीन बेरजा मागच्या हंगामाच्या पावत्यांशी ताडून बघा. ते होईपर्यंत कॅमेऱ्याला आणि अहवालाला वेगवेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पॅकेजं ठेवायची स्वतंत्र जागा) द्या. प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती फाइलमध्ये पक्की लिहा, आणि त्या सगळ्या व्हील फाइली (पॅकेजं बसवायच्या तयार फाइली) पेनड्राइव्हवर द्या, म्हणजे नेट नसलं तरी अडणार नाही. सुरू होताना पॅकेजं ओढणं तर सगळ्याच ग्राहकांकडे बंद करा. कॅमेरा बसवण्याचे घेतलेले पैसेही मला परत हवेत.

पहिल्या वेच्याचा कापूस काट्यावर यायला लागला आहे. आठ दिवसांत माणूस पाठवा. त्याने कॅमेरा आणि अहवाल दोन्ही माझ्यासमोर चालवून दाखवावेत, आणि मग मेन स्विच बंद करून, परत चालू करून, पुन्हा एकदा दाखवावेत.

आपला,
एक वजनकाटा चालक
ता. घाटंजी, जि. यवतमाळ