मंत्रीसाहेब, एक लॉगिन चालेल, पण एकच दार नको

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री यांस,
स.न.वि.वि.

साहेब, सगळ्या वेबसाइटनी सामायिक लॉगिन, म्हणजे गूगल-फेसबुकसारख्या एकाच अकाउंटच्या बटणाने सगळीकडे आत शिरायची सोय, घ्यावं की नाही यावर दोन शब्द लिहितोय. मी विरोधात नाहीये हं. प्रत्येक साइटला वेगळा पासवर्ड ठेवा म्हणून सगळे सांगतात पण ठेवतं कोण, तोच जुना पासवर्ड शेवटी एक आकडा वाढवून सगळीकडे चालतो, आणि एक साइट फुटली की चोर तोच घेऊन थेट तुमच्या ईमेलपर्यंत पोचतो. २०१२ मध्ये लिंक्डइनचे चोरीला गेलेले पासवर्ड सॉल्टसुद्धा (फोडायला अवघड जावं म्हणून प्रत्येक पासवर्डमध्ये मिसळायची वेगळी अक्षरं) न लावता साठवलेले निघाले होते, मग दोघातिघांनी चालवलेल्या साइटकडून काय अपेक्षा करायची? त्यापेक्षा ओपनआयडी कनेक्ट (सामायिक लॉगिनची एक ठरलेली पद्धत) बरं, साइटकडे पासवर्ड जातच नाही, 'हा माणूस तोच आहे' एवढी सही केलेली चिठ्ठी जाते, बस.

पण गेल्या वर्षी माझंच अकाउंट एका कंपनीने 'संशयास्पद हालचाल' म्हणून बंद केलं. कुठली हालचाल ते शेवटपर्यंत कळलं नाही, फोन करायला नंबर नाही, फॉर्म भरला की तेच ठरलेलं उत्तर. त्या एका अकाउंटवर सात साइटचं लॉगिन होतं, सातही एका फटक्यात बंद! म्हणजे भांडण एकाशी आणि घराबाहेर सगळ्यांनी काढलं.

आणि हे फक्त माझं रडगाणं नाही. १४ डिसेंबर २०२० ला गूगलची ओळख पटवणारी यंत्रणाच पाऊण तास बसली होती. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सहाएक तास गायब, त्याच्या बटणावर अवलंबून असलेल्या साइटची माणसं बाहेरच. २०१८ मध्ये तर फेसबुकच्या जवळपास ३ कोटी लोकांचे टोकनच (लॉगिन झाल्याची डिजिटल खूण, ती हाती आली की पासवर्डशिवाय आत शिरता येतं) चोरीला गेले.

२००५ चं मूळ ओपनआयडी वेगळं होतं, ओळख कोणाकडे ठेवायची ते तुम्ही ठरवायचं, पण लॉगिनला वेबपत्ता टाईप करायचा कंटाळा कोण करणार नाही? फायरफॉक्सवाल्या मोझिलाचं पर्सोना हे असंच दुसरं सामायिक लॉगिन, तेही २०१६ मध्ये बंद पडलं. उरली दोन-तीन मोठ्या कंपन्यांची बटणं.

म्हणून नियम करणार असाल तर बटणाची सक्ती करू नका, बटणाशेजारी ईमेल किंवा पासकीचा (पासवर्डऐवजी फोनच्या कुलपानेच लॉगिन) दुसरा रस्ता हवाच याची सक्ती करा. प्रत्येक साइटला माझा वेगळा आयडी मिळावा, म्हणजे दोन साइट आपसात माझी माहिती जुळवत बसणार नाहीत, ही सोय ओपनआयडी कनेक्टमध्ये आहेच, फक्त वापरायला लावा. आणि अकाउंट बंद केलं तर कारण द्यायचं आणि तक्रार माणसाने वाचायची, ठरलेल्या मुदतीत.

माझ्या सातपैकी पाच साइट परत मिळाल्या, कारण तिथे मी आधीच दुसरा ईमेल टाकून ठेवला होता. उरलेल्या दोघींकडे ते बटण सोडून दुसरं काहीच नाही.

आपला,
एक वैतागलेला युजर